उबेचे पाहुणे, वाटेचे भटके

हिवाळा आला की कॅनडा आणि उत्तर अमेरिकेतील बर्फ टाळून फ्लोरिडा, ॲरिझोनात मुक्काम हलविणाऱ्या निवृत्तांना इंग्रजीत ‘स्नोबर्ड’ म्हणतात. डिसेंबरात पुण्यात येऊन उन्हाळ्यापूर्वी परतणारे अनिवासी मराठी ज्येष्ठही या शब्दात सहज बसतात. शब्दाचा पूर्वेतिहास मात्र इतका सुखवस्तू नाही. सतराव्या शतकापासून ते बर्फाच्या दिवसांत दिसणाऱ्या लहान पक्ष्यांचे नाव होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी, हिवाळ्यापुरते अन्न व निवारा मिळावा म्हणून अमेरिकी सैन्यात भरती होऊन पुढे पळ काढणाऱ्यांना ते उपहासाने लावले गेले. १९२०च्या दशकात थंडीत दक्षिणेकडे कामाला जाणारे मजूर ‘स्नोबर्ड’ ठरले. पर्यटक आणि निवृत्तांना ही उपाधी चिकटली ती त्यानंतर. पोटासाठी चालणाऱ्यांचा शब्द असा हौसेने फिरणाऱ्यांचा झाला.

महाराष्ट्रालाही अशी ऋतुचक्राची वाट जुनी आहे. फलटण, माण, खटावच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातील मेंढपाळ धनगरांचे वाडे दिवाळीच्या सुमारास पश्चिमेकडे निघतात, घाट उतरून कोकणात जातात आणि मृगापूर्वी परततात. मेंढ्यांना कोकणातला पाऊस सोसत नाही आणि माणदेशात हिवाळ्यानंतर चारा उरत नाही, हे या चालीचे साधे गणित. कापणी झालेल्या शेतात कळप बसवायचा, शेतकऱ्याला लेंडीखत मिळायचे आणि मेंढपाळाला धान्य वा पैसे, असा हा व्यवहार आहे.

या व्यवहाराला लागते ती मोकळी जमीन, आणि तीच आटत आहे. हिंजवडीच्या शेजारचे मुळशीतील नांदे घ्या. शहर अशा गावांच्या शिवारात शिरले की भातखाचरांचे भूखंड होतात आणि भूखंडांना कुंपणे पडतात. कुंपणाआड कळप बसत नाही.

शासनदरबारी धनगर समाजाची नोंद भटक्या जमातींच्या ‘क’ प्रवर्गात आहे, साडेतीन टक्के आरक्षणही आहे. परंतु ज्या भटकण्यावरून ही ओळख पडली, त्याच्या वाटा प्रादेशिक विकास आराखड्यात शोधून सापडणे कठीण. उजनीवर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांना आपण कौतुकाने ‘पाहुणे’ म्हणतो. वर्षानुवर्षे त्याच वाटेने येणारा मेंढपाळ मात्र ‘भटका’ आणि रस्त्यावरचा अडथळा ठरतो. शब्द बदलायला काळ लागेल. गायराने आणि परंपरागत वाटा आराखड्यात नोंदविणे मात्र आजही नियोजनकर्त्यांच्या हाती आहे.