उशाखालचे रिव्हॉल्व्हर

गेल्या पावसाळ्यात माझ्या मावसभावाच्या शेजारचा बंगला फुटला. गावाबाहेरची वस्ती, मुलगी परगावी, घरात नवरा-बायको दोघेच. पुढच्याच रविवारी वहिनींना घेऊन तो आमच्याकडे आला आणि चहाचा कप हाती घेण्याआधीच म्हणाला, "तू इतकी वर्षं रायफल क्लबात जातोस. मला एक भरवशाचं हत्यार सांग."

ठाऊक होते ते सांगितले. नवख्याने पिस्तुलाच्या नादी लागू नये. त्यात काडतूस फुसके निघाले, तर वरचा सरकता भाग मागे खेचून ते बाहेर काढावे लागते. घाबरलेल्या हाताला ते साधत नाही. रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढला की चक्र फिरून पुढचे काडतूस समोर येते. ९ मिलिमीटर, पॉइंट ३८ ही मापे आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. मिळते ते बहुधा पॉइंट ३२.

"मग ते 'निर्भीक' कसं?" त्याने विचारले. २०१२ सालच्या दिल्लीतील घटनेनंतर, २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून काढलेले हे रिव्हॉल्व्हर. वजन अर्धा किलो, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. हलके हत्यार पर्समध्ये बरे, पण गोळी सुटताना तेच हातात जास्त उसळते. क्लबात शांतपणे उभे राहून कागदावर नेम धरतानाही नवख्याची गोळी भलतीकडे जाते. मग अंधारात, धडधडत्या छातीने काय होणार? २०१६ च्या नियमांनी परवान्यासाठी प्रशिक्षण सांगितले आहे, पण एकदा शिकून भागत नाही. सराव सतत हवा.

एवढ्यात वहिनींनी विचारले, "पण ते ठेवायचं कुठे?"

प्रश्न साधा होता आणि सगळी चर्चा तिथेच अडली. कपाटात कुलपाआड ठेवावे, तर चोर आल्यावर किल्ली शोधायची. उशाखाली ठेवावे, तर मे महिन्यात नातवंडे येतात.

मग मी आजवर घरात कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली. माझ्याकडेही परवान्याचे रिव्हॉल्व्हर आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रात्री दाराचे कुलूप खडखडले. मी कपाट उघडले, रिव्हॉल्व्हर भरले आणि अंधारात जिन्यात उभा राहिलो. बोट चापावर होते. दार उघडले आणि "बाबा, मी!" असा आवाज आला. वसतिगृहातून मुलगा न कळवता आला होता. हत्यार अगदी भरवशाचे होते. चाप ओढला असता, तर ते चुकले नसते. भरवसा नव्हता तो माझा.

स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिला आहे; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे. पण गरजेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही, आणि गरज किती होती याचा हिशोब नंतर आपल्यालाच द्यावा लागतो. ज्याच्या जिवावर खरोखर कोणी टपले आहे, त्याने परवाना जरूर मागावा. घरफोडीच्या भीतीला मात्र माझे उत्तर वेगळे आहे : खिडक्यांना मजबूत जाळी, दाराला अडसर, अंगणात रात्रभर दिवा, शेजाऱ्यांशी येणे-जाणे आणि चाहूल लागली की खोलीचे दार आतून लावून ११२ क्रमांकाला फोन.

भावाने दिवा आणि अडसर बसवून घेतला. परवान्याचा कोरा अर्ज मात्र अजून त्याच्या टेबलाच्या खणात आहे. मी त्याला नावे ठेवत नाही. माझे रिव्हॉल्व्हर तरी मी कुठे परत केले आहे?