माफी नको, न्यायाचा हिशेब द्या

'वकील साहेब, बंदच्या केसेस तर सरकारनं मागे घेतल्या ना? मग हे समन्स कशाचं?'

बुलडाणा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला तरुण हा प्रश्न घेऊन आमच्याकडे आला. ३ जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदमध्ये तो गावातल्या पोरांसोबत रस्त्यावर बसला होता. तेव्हा तो कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता, आज त्याच्या कडेवर मुलगी आहे. बेकायदेशीर जमाव, रस्ता अडवणे आणि वर भारतीय दंड संहितेचे कलम ३५३, म्हणजे सरकारी कामात अडथळा. मधल्या काळात तो पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत उतरला, लेखी परीक्षेतही उतरला आणि चारित्र्य पडताळणीत अडकला. नेत्यांच्या भाषणात तो 'भीमसैनिक' होता. कोर्टाच्या बोर्डावर तो 'आरोपी क्रमांक सात' आहे.

अशा तरुणांना काय उत्तर द्यायचे, हा आज चळवळीपुढचा प्रश्न आहे. आंदोलन झाले की गुन्हे दाखल होतात. निवडणूक जवळ आली की 'गुन्हे मागे घेणार' अशी घोषणा होते. आपण टाळ्या वाजवतो, सत्कार करतो आणि घरी जातो. तारखेला मात्र तो पोरगा एकटाच जातो.

आधी कायदा काय आहे ते समजून घेऊ. आंदोलकांना सरसकट माफी देण्याचा अधिकार मंत्रिमंडळाला नाही. राज्यपाल अनुच्छेद १६१ खाली शिक्षा माफ करतात, ती गोष्ट वेगळी. खटला मागे घेण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० मध्ये आहे. अर्ज सरकारी वकिलाने करायचा, तोही स्वतःची बुद्धी वापरून, आणि संमती न्यायालयाने द्यायची. म्हणजे शासन निर्णय निघाला तरी तेवढ्याने खटला संपत नाही. फाईल कुठल्यातरी टेबलावर अडली, अर्ज झालाच नाही, तर समन्स येणारच. आमच्या त्या तरुणाचे नेमके हेच झाले होते.

आणखी एक बाब वकीलसुद्धा अशिलाला सांगत नाहीत. आरोप निश्चित होण्याआधी खटला मागे घेतला तर आरोपी 'दोषमुक्त' होतो. आरोप निश्चित झाल्यावर घेतला तर तो 'निर्दोष' ठरतो. नोकरीच्या अर्जात या दोन शब्दांत फरक पडू शकतो. म्हणून 'केस मिटली' एवढ्यावर समाधान मानू नका. आदेशाची प्रमाणित प्रत काढून घरात जपून ठेवा.

आता आकडे पाहू. फेब्रुवारी २०२० मध्ये तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी विधान परिषदेत माहिती दिली. कोरेगाव भीमा प्रकरणातील ६४९ गुन्ह्यांपैकी ३४८ आणि मराठा आरक्षण आंदोलनातील ५४८ पैकी ४६० मागे घेतले गेले. म्हणजे एकीकडे शंभरातले चौपन्न, दुसरीकडे शंभरातले चौऱ्याऐंशी. एवढ्यावरून आम्ही पक्षपाताचा निकाल देणार नाही, कारण गुन्ह्यांचे स्वरूप वेगळे असू शकते. मराठा बांधवांच्या पोरांचे खटले मागे गेले याचे आम्हाला दुःखही नाही, तीही शेतकऱ्यांचीच लेकरे आहेत. पण प्रश्न विचारण्याचा हक्क आम्हाला आहे. गंभीर कलम कोणाच्या पोरावर लागले, कशाच्या आधारावर लागले आणि ते कोणी तपासले? जीवितहानी नाही, नुकसान पाच लाखांच्या आत, अशा अटी शासन घालते. पण जी कलमे 'गंभीर' म्हणून खटला अडवून ठेवतात, ती लावणारा हात पोलिसांचाच असतो. ज्याच्याविरुद्ध आंदोलकांची तक्रार, तोच त्यांच्या गुन्ह्याचे वजन ठरवतो!

हा प्रकार आजचा नाही. नोव्हेंबर १९७९ मध्ये नामांतरासाठी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला. तो औरंगाबादच्या वाटेवर असताना आमच्याच जिल्ह्यातल्या खडकपूर्णा नदीच्या पुलावर पोलिसांनी अडवला. लाठ्या चालल्या, अटका झाल्या. आमचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण त्या पुलाची गोष्ट ऐकत आम्ही वाढलो. गंमत पाहा, नामांतराचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजीच मंजूर केला होता. विधिमंडळाचा ठराव अमलात आणा म्हणणारे गुन्हेगार ठरले आणि ठराव गुंडाळून ठेवणारे सत्तेत राहिले! १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. मग त्या पुलावर लाठ्या खाणाऱ्यांना कोणी 'माफी' द्यायची होती? माफी मागायची होती ती शासनाने.

म्हणूनच 'माफी' हा शब्द आम्हाला मान्य नाही. माफी गुन्हेगाराला मिळते आणि देणाऱ्याचे उपकार घेणाऱ्याच्या डोक्यावर बसतात. शांततेने रस्त्यावर बसलेल्या माणसाने संविधानाच्या अनुच्छेद १९ ने दिलेला हक्क वापरला. त्याला उपकार कशाला? त्याला हवी आहे कायद्याची रीतसर प्रक्रिया.

ही प्रक्रिया पायदळी तुडवली की काय होते, ते परभणीने दाखवले. १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि मग वस्त्यांत धरपकड झाली. अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, हे सांगायला ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला. त्या आदेशाविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथेही हरले. आता सांगा, सोमनाथला कोणती माफी उपयोगी पडणार? अटकेचे कारण सांगणे, चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभे करणे, वकिलाला भेटू देणे हे सारे अनुच्छेद २२ मध्ये लिहिले आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेची वेळ, साक्षीदार, नातेवाइकाला खबर, वैद्यकीय तपासणी असे नियम घालून दिले. हे नियम अटकेच्या पहिल्या रात्री पाळले जावेत म्हणून आहेत. खटला सात वर्षांनी मागे घेऊन ती रात्र परत येत नाही.

आता थोडे आपल्या घरातलेही बोलू. एस.टी. आपल्याच आया-बहिणींची गाडी आहे, ती जाळून कुठला मनुवाद जळतो? २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की, संवैधानिक मार्ग खुले असताना रक्तरंजित मार्ग सोडलेच पाहिजेत. महाडला १९२७ च्या मार्चमध्ये आपल्या माणसांवर हल्ला झाला, तेव्हा बाबासाहेबांनी लोकांचा हात आवरला आणि हल्लेखोरांना कोर्टात खेचले. डिसेंबरमध्ये कोर्टाची मनाई आली, तर जमलेल्या हजारोंना समजावून त्यांनी पाणी घेणे स्थगित केले. खटला दहा वर्षे चालवला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकला. ज्याने खरोखर दगड मारून कोणाचे डोके फोडले, त्याचाही खटला मागे घ्या असे आम्ही म्हणणार नाही. त्याच्यावर पुराव्यानिशी खटला चालवा. पण संपूर्ण वस्तीला आरोपी करू नका.

सरसकट माफीच्या मागणीत आणखी एक धोका आहे. 'राजकीय-सामाजिक आंदोलन' या नावाखाली उद्या आपल्या वस्तीवर चालून आलेल्या जमावाचेही गुन्हे मागे जातील. नव्या कलम ३६० प्रमाणे पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय न्यायालय खटला मागे घेऊ देऊ शकत नाही. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५ अ मध्येही पीडिताला बोलण्याचा हक्क आहे. ही ढाल आपल्या हातात आहे, ती वापरा.

कोणी म्हणेल, राजकीय कारणाने खटला मागे घेणे कायद्यात बसते का? बसते. आणीबाणीनंतर जॉर्ज फर्नांडिस यांच्यावरील बडोदा डायनामाइट खटला मागे घेतला गेला. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजेंद्रकुमार जैन प्रकरणात तो निर्णय कायम ठेवला. सार्वजनिक न्यायाच्या व्यापक हेतूत राजकीय आणि सामाजिक हेतूही बसू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. डायनामाइटच्या खटल्याला जे तत्त्व लागू झाले, ते खेड्यातल्या रास्ता रोकोला का लागू होऊ नये?

म्हणून मागणी नेमकी करा. जिल्ह्यातल्या प्रत्येक आंदोलन खटल्याची यादी जाहीर करा. कोणता खटला मागे घेतला, कोणता नाही आणि का नाही, ते लेखी कळवा. कलम ३५३ सारखी कलमे पुराव्यावर तपासा, केवळ फिर्यादीवर नको. अटकेचे नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याचीही चौकशी करा. आणि आपल्या वकील बांधवांना विनंती आहे, प्रत्येक तालुक्यात दोघा-तिघांनी या खटल्यांची वही ठेवा. जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा तारखांच्या खर्चाला काढा. डी.जे.चा आवाज थोडा कमी झाला तरी बाबासाहेब रागावणार नाहीत.

त्या तरुणाची पुढची तारीख लागली आहे. आम्ही जाणार आहोत. या वेळी त्याच्यासोबत गावातली दहा माणसे कोर्टाच्या व्हरांड्यात उभी असावीत, एवढीच अपेक्षा आहे.