तात्पर्य काय?

दर रविवारी सकाळी आमच्या वन्संचा पुण्याहून फोन येतो. सकाळ माझी, त्यांची तेव्हा रात्रीची जेवणं आटोपून तोंडात बडीशेप असते. बडीशेप चघळत माणूस जगाचा न्याय करायला बसला की कुणाचीच धडगत नसते.

"वहिनी, ऐकलं ते खरं का गं? तू तिकडे ख्रिस्ती मुलांना शिकवतेस म्हणे?"

"हो वन्सं. इंग्रजी."

"आणि ती मुलं शाळेत जात नाहीत?"

"नाही. घरीच शिकतात."

"मग तू त्यांच्या घरी जातेस?"

"तसंही नाही. मी आपल्या घरी, ती त्यांच्या घरी. कॉम्प्युटरवरून."

पलीकडे बडीशेप थांबली. "म्हणजे शाळा नाही, फळा नाही, घंटा नाही, आणि गोऱ्यांच्या मुलांना त्यांचीच भाषा तू शिकवणार! अगं, मग तू करतेस तरी काय?"

प्रश्न रास्त होता. पुण्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले, तेव्हा माझीही समजूत अशीच होती, की शाळा म्हटली की घंटा हवी, शिपाई हवा आणि न चालणारा पंखा हवा. मग मुलाने आम्हा दोघांना टेक्सासला आणलं. यथावकाश ग्रीन कार्ड झालं, नातू शाळेत जाऊ लागला, आणि एकही माणूस न दिसणाऱ्या रस्त्याकडे खिडकीतून बघून बघून माझे डोळे शिणले. शेवटी एका छोट्या संस्थेकडे अर्ज टाकला. त्यांनी नववी-दहावीच्या मुलांचा इंग्रजी वाङ्मयाचा वर्ग माझ्या गळ्यात घातला.

मुलांना घरी शिकवणं हा इथे गुन्हा नाही. पन्नासही राज्यांत त्याला कायद्याची मुभा आहे. टेक्सासात तर १९९४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने घरची शाळा ही खासगी शाळाच मानली. २०१९ च्या सरकारी पाहणीत अशी मुलं पंधरा लाखांच्या घरात होती. २०२० मध्ये करोनाने शाळांना कुलपं लावली, तेव्हा आणखी कितीतरी घरं या वाटेला लागली. सगळीच काही धार्मिक नसतात, पण माझ्या वाट्याला आली ती धार्मिक. आई हीच मुख्याध्यापिका, तीच शिपाई. प्रगतिपुस्तकावर मुख्याध्यापकांची सही आणि पालकांची सही एकाच हाताची! जो विषय आईला झेपत नाही तो बाहेरून आणायचा. बीजगणित एकीकडून, लॅटिन दुसरीकडून, इंग्रजी माझ्याकडून. वाण्याची यादीच म्हणा ना.

माझ्या वर्गात अकरा मुलं, म्हणजे पडद्यावर अकरा चौकोन. एका चौकोनात टेनेसीची मुलगी, मांडीवर धाकटा भाऊ. एकात ओहायोची दोन भावंडं एकाच खुर्चीवर. आयडाहोचा एक पंधरा वर्षांचा मुलगा बकऱ्यांना चारा घालून थेट वर्गात येतो; कधीकधी बकरीही येते. तासाच्या सुरुवातीला एक जण प्रार्थना म्हणतो, मी डोळे मिटते आणि मनात गणपतीला नमस्कार करते. दोघांचं कधी भांडण झाल्याचं कानावर नाही. मागून हे चहाचा कप घेऊन गेले की अकरा तोंडांतून "गुड मॉर्निंग, सर!" येतं. तेव्हापासून ह्यांनी घरात बनियनवर हिंडायचं सोडलं. पस्तीस वर्षं मला जे जमलं नाही ते या मुलांनी आठवड्यात केलं.

तर मंडळी, आता मी जरा भांडणार आहे. आणि पहिलं भांडण वन्संशी.

"घरात कोंडून काय शिकणार ती पोरं? आणि त्यात सगळा धर्म!" असं त्या म्हणाल्या, तेव्हा मी विचारलं, "वन्सं, पंडिता रमाबाई लहानपणी कुठल्या शाळेत होत्या?" त्यांना संस्कृत शिकवलं त्यांच्या आईने, तेही तीर्थयात्रेत पायपीट करता करता. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' ही पदवी दिली, ती घरच्याच शाळेला! पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, १८८६ त अमेरिकेत आल्या, आणि १८८९ त या देशावर मराठीत अख्खं पुस्तक छापलं. म्हणजे घर, धर्म, अमेरिका या तिन्ही गोष्टींना नाक मुरडायची सोय आपल्याला रमाबाईंनी कधीचीच ठेवलेली नाही. वन्सं म्हणाल्या, "त्यांची गोष्ट वेगळी." नाव निघालं की आपल्याकडे प्रत्येकाचीच गोष्ट वेगळी असते.

आणि खरं सांगू? या मुलांइतके चांगले वाचणारे मला एकतीस वर्षांत क्वचित भेटले. 'मोबी डिक'मधल्या कप्तानाचं नाव एहॅब आहे एवढंच मी सांगितलं, तर टेनेसीची मुलगी म्हणाली, "मग याचं काही बरं होणार नाही. अहाब राजाचं रक्त कुत्र्यांनी चाटलं होतं." पहिलं पान उघडायच्या आत तिला शेवटाची चाहूल लागली! 'ईस्ट ऑफ ईडन' हे नुसतं नाव ऐकून ओहायोच्या भावंडांनी काइन आणि हाबेल यांची गोष्ट सांगितली, आणि सांगताना एकमेकांकडे जरा संशयाने पाहिलं. पुण्यात अशा एकेका संदर्भासाठी माझा अर्धा तास फळ्यावर जायचा. आपल्याकडे कुणी 'शकुनीमामा' म्हटलं की कसं, खुलासा लागत नाही, तसंच हे.

मग भांडण कशाबद्दल? तात्पर्याबद्दल.

अकरा मुलांचे अकरा निबंध आले की शेवटचा परिच्छेद मी न वाचता सांगू शकते. "यावरून आपण शिकतो की प्रामाणिकपणा महत्त्वाचा आहे." "यावरून आपण शिकतो की गर्वाचं घर खाली." पुस्तक कुठलंही असो. घरोघरी विकत आणलेल्या पाठ्यक्रमांत प्रकरणाखाली प्रश्न असतात: या पात्राने काय चूक केली? यातून देवाबद्दल काय शिकायला मिळतं? बरोबर उत्तर आईच्या प्रतीत, पाठीमागे. ते पान पाहिलं आणि मला एकदम पुण्यात आल्यासारखं वाटलं. अहो, हे तर आपलं गाइड! फक्त आपल्या गाइडात देवाच्या जागी 'कथेची मध्यवर्ती कल्पना' असते, पाच गुणांना. रोग तोच, कव्हर वेगळं.

आता तर तात्पर्य काढायला माणूसही लागत नाही. यंत्राला पुस्तकाचं नाव सांगा, ह्यांचा चहा निवायच्या आत पाच तात्पर्यं हजर, मुद्देसूद, वेलांटी न चुकता. जे काम यंत्र इतकं झकास करतं, त्यावर पंधरा वर्षांच्या मुलाची परीक्षा घ्यायची आणि मग त्याने यंत्राकडून लिहून आणलं म्हणून कपाळाला हात लावायचा, याला काय म्हणावं?

तुम्ही म्हणाल, बाई, एवढं काय बिघडलं? तर ऐका.

वर्गात आम्ही 'हकलबेरी फिन' वाचायला घेतलं. हे पुस्तक अमेरिकेत १८८५ साली निघालं आणि त्याच वर्षी कॉन्कर्ड गावच्या वाचनालयाने गावंढळ म्हणून बाहेर काढलं. पुढे काळ्या लोकांसाठीचा तो घाणेरडा शब्द त्यात दोनशेच्या वर वेळा येतो म्हणून आक्षेप आले. ही दुसरी तक्रार मला खरी वाटते. मी आयांना आधी कळवते आणि वर्गात तो शब्द उच्चारत नाही. पण पुस्तक सोडत नाही, ते एकतिसाव्या प्रकरणासाठी. हक नावाचा पोर जिम या पळालेल्या गुलामाबरोबर तराफ्यावरून चालला आहे. जिमला ठकांनी परस्पर विकून टाकलं आहे. हकला लहानपणापासून शिकवलंय, की गुलामाला पळायला मदत करणं म्हणजे चोरी, आणि चोरी करणारा नरकात जातो. म्हणून तो जिमच्या मालकिणीला पत्ता कळवणारं पत्र लिहितो. लिहिल्यावर त्याला स्वच्छ, पापमुक्त वाटतं. मग त्याला जिम आठवतो. त्याची झोपमोड होऊ नये म्हणून स्वतः जागून पहारा करणारा जिम. आणि नरकात जायचं ठरवून पोरगा पत्र फाडतो.

पुण्यातल्या मुलांसाठी हा नरक म्हणजे शब्द होता. या अकरा मुलांसाठी तो पत्ता असलेली जागा आहे. वर्गात कुणी बोलेना. बकरीसुद्धा गप्प.

आयडाहोच्या मुलाने निबंध पाठवला. शेवटी तात्पर्य नव्हतं. लिहिलं होतं: "मी असतो तर पत्र पाठवलं असतं, कारण मला नरकाची भीती वाटते. पण मग मी जिमचा मित्र उरलो नसतो. मी दोन दिवस विचार केला. मला उत्तर येत नाही."

दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचं पत्र. अतिशय सभ्य. "निबंधात धडा कुठे आहे? त्याला पुन्हा लिहायला सांगावं, अन्यथा आम्हाला वर्ग सोडण्याचा विचार करावा लागेल. मी तुमच्यासाठी प्रार्थना करते." धमकीखाली आशीर्वाद असलेलं पत्र मला आयुष्यात प्रथमच आलं. पण ती बाई काही मूर्ख नव्हे. स्वतःची नोकरी सोडून ती चार मुलांना शिकवते. पोराला नरकाची भीती वाटते हे वाचून कुठली आई स्वस्थ बसेल?

रात्रभर मला झोप आली नाही. ती पत्रामुळे नव्हे, १९८७ मुळे. मुंगी आणि नाकतोड्याची गोष्ट होती, इयत्ता सातवी. तात्पर्य लिहा, पाच गुण. एका मुलीने लिहिलं, "मुंगीने चार दाणे दिले असते तर तिचं काय बिघडलं असतं?" मी शून्य दिलं. उत्तर होतं 'उद्योगाचे महत्त्व'. पुढच्या परीक्षेत तिने गाइडातलं उत्तर शब्दन् शब्द लिहिलं, मी पाचपैकी पाच दिले आणि शाबासकीही. त्यानंतर तिने मला कधीच काही विचारलं नाही. वर्गात पहिली आली ती. मला अजून त्या पहिल्या नंबराची लाज वाटते.

सकाळी मी आयडाहोला पत्र लिहिलं. बायबलच्या शपथा मी घालत नाही, पण वर्गासाठी मराठी बायबल वाचलेलं होतं. लिहिलं, "बाई, उधळ्या पुत्राचा दृष्टांत पुन्हा वाचावा. धाकटा परत आला, घरात मेजवानी चालली आहे, थोरला रुसून बाहेर उभा आहे, बाप त्याची समजूत घालतो आहे, आणि गोष्ट तिथेच संपते. थोरला आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलं नाही. ज्याला सगळी उत्तरं ठाऊक आहेत असं तुम्ही मानता, त्याने एक उत्तर ऐकणाऱ्यावर सोडलं. तुमचा मुलगा दोन दिवस त्या दारात उभा होता. त्याला ओढून आत नेण्याची घाई मी करणार नाही, तुम्हीही करू नये. गुण पैकीच्या पैकी दिले आहेत, ते कमी होणार नाहीत."

आठवडाभर उत्तर नाही. एका घराने तेवढ्यात निरोप घेतला. अकराचे दहा चौकोन झाले आणि ह्यांनी हिशेबाच्या वहीत एक रेघ मारली. मग आयडाहोचं पत्र आलं. ते प्रकरण तिने जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. वडील म्हणाले पत्र फाडलं ते बरोबर, आजोबा म्हणाले आज्ञा ती आज्ञा, धाकटी रडली, स्वयंपाक गार झाला. "उत्तर निघालं नाही," तिने लिहिलं होतं. "पुढचं पुस्तक कोणतं?" मुलगा वर्गात आहे. बकरीही.

रविवारी वन्संना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी चक्क बडीशेप न चघळता ऐकलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे गं वहिनी. पण याचं तात्पर्य काय?"

मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही असता तर पत्र पाठवलं असतं का?"

"मी?" त्या म्हणाल्या. "थांब हं. जरा विचार करते." आणि फोन तसाच चालू ठेवून त्या खरंच विचार करत बसल्या.