वाङ्मयेतिहासातला वेलस्ली

बदलापूरवरून वाहणारी उल्हास नदी पुढे वसईच्या खाडीला मिळते. त्या वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौज स्वीकारली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. हा तह ज्याच्या धोरणाचे फळ होता तो गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली इतिहासाच्या तासाला भेटतो. मराठीच्या तासाला मात्र भेटतो तो विल्यम कॅरी. मोरिवलीत राहून मराठी शिकवणाऱ्या आम्हाला हे दोन तास वेगळे ठेवणे आता पटेनासे झाले आहे.

वेलस्ली आयरिश सरदार. जन्म १७६० चा. वडिलांमागून १७८१ मध्ये तो मॉर्निंग्टनचा अर्ल झाला. पण आयरिश सरदारकीने लंडनच्या लॉर्ड्स सभागृहात जागा मिळत नसे. म्हणून १७८४ मध्ये तो निवडून कॉमन्समध्ये गेला. श्रीरंगपट्टण जिंकल्यावर १७९९ मध्ये त्याला मार्क्वेस केले, तेही आयरिशच. हा सल त्याला कायम राहिला.

कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवण्यासाठी त्याने कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज काढले. त्याचा कायदा झाला जुलै १८०० मध्ये; पण त्यावर तारीख घातली ४ मे १८००, म्हणजे श्रीरंगपट्टण पडल्याचा पहिला वार्षिक दिवस. कॅरी याच कॉलेजात मराठीही शिकवू लागला. त्याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला छापले गेले, कोश १८१० मध्ये. पंडित वैजनाथांचे साहाय्य त्याला होते. मुद्रित मराठी गद्याचा आरंभ आपण इथून सांगतो; त्या तारखेबद्दल मात्र बोलत नाही.

कोणी म्हणेल, कॅरीचे श्रम खरे होते. होतेच, ते आम्ही नाकारीत नाही. वेलस्लीलाही एकरंगी खलनायक ठरवणे सोपे नाही. १८२१ ते १८२८ या काळात आयर्लंडचा लॉर्ड लेफ्टनंट असताना त्याचा कल कॅथलिकांना हक्क देण्याकडे होता. त्या रागापोटी १८२२ मध्ये डब्लिनच्या नाट्यगृहात त्याच्यावर बाटली फेकली गेली. मायभूमीत बहुसंख्यांच्या हक्कांचा विचार करणाऱ्या या माणसाला पुण्याच्या गादीचे स्वातंत्र्य काढून घेताना संकोच वाटला नाही. आपल्या भाषेचे एक आरंभीचे छापील व्याकरण अशा माणसाच्या सोयीतून निघाले, हे विद्यार्थ्याला कळायला हवे. त्याने व्याकरणाचे मोल कमी होत नाही. ते कोणासाठी लिहिले गेले, एवढेच स्पष्ट होते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. फळ्यावर कॅरीचे १८०५ लिहिताना शेजारी ४ मे १८०० आणि ३१ डिसेंबर १८०२ याही तारखा लिहाव्यात. वाङ्मयेतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत त्या येणार नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे, तरीही लिहाव्यात.