‘अधूनमधून’ म्हणजे नेमके केव्हा?

विद्यार्थ्यांच्या विज्ञानाच्या वह्यांत एक शब्द फार वेळा भेटतो. तो म्हणजे ‘अधूनमधून’. धूमकेतू अधूनमधून दिसतो, उल्का अधूनमधून पडतात, हिवतापात अधूनमधून थंडी वाजते, काही झरे अधूनमधून वाहतात. यांतले एकही वाक्य चूक नाही. पण ही चार वाक्ये वाचून चार घटनांमधला फरक मात्र मुळीच कळत नाही.

इंग्रजी पुस्तकांत या घटनांसाठी पीरिऑडिक, स्पोरॅडिक, इंटरमिटंट असे निरनिराळे शब्द येतात. विद्यार्थी शब्दकोश उघडतो. सगळ्यांपुढे ‘मधूनमधून होणारे’ अशाच धर्तीचे अर्थ सापडतात आणि तो हे शब्द समानार्थी समजून चालतो. माझे म्हणणे असे, की ते समानार्थी नाहीत. त्यांतला प्रत्येक शब्द म्हणजे घटनेबद्दल केलेले एक वेगळे विधान आहे, आणि विज्ञानात विधान केले की ते तपासावे लागते.

पीरिऑडिक हा शब्द प्रथम पाहू. त्याचे मूळ ग्रीक आहे आणि मूळ अर्थ ‘भोवतीची वाट’, म्हणजे फेरा. मराठीत आपण आवर्ती किंवा नियतकालिक म्हणतो. तुमच्या हातातले हे मासिक नियतकालिक आहे, कारण पुढचा अंक केव्हा येणार हे तुम्हाला आधीच ठाऊक असते. एखाद्या घटनेला आवर्ती म्हणणे म्हणजे तिचे भविष्य वर्तवणे होय. एडमंड हॅले यांनी हेच धाडस केले. १५३१, १६०७ आणि १६८२ साली दिसलेला धूमकेतू एकच आहे, असे त्यांनी १७०५ साली मांडले आणि तो १७५८ च्या सुमारास परत येईल असे सांगितले. हॅले १७४२ साली वारले. धूमकेतू मात्र २५ डिसेंबर १७५८ रोजी पुन्हा दिसला. १९८६ साली तो येऊन गेला आणि आता २०६१ साली येईल.

हे भाकीत चुकूही शकते. सिंह राशीतून होणारा उल्कावर्षाव १८३३ साली इतका प्रचंड झाला, की पाहणारे थक्क झाले. १८६६ साली तो पुन्हा जोरात झाला. म्हणजे ३३ वर्षांचे आवर्तन झाले. साहजिकच १८९९ साली लोक मोठ्या आशेने आकाशाकडे डोळे लावून बसले आणि त्यांची निराशा झाली. गुरू आणि शनी यांच्या आकर्षणामुळे उल्कांचा प्रवाह थोडा बाजूला सरकला होता. ‘अधूनमधून’ एवढेच म्हटले असते, तर कोणाची निराशा झाली नसती. पण कारण शोधण्याची गरजही कोणाला भासली नसती.

उल्कावर्षाव नसतानाही काळोख्या रात्री तासाभरात दोनचार उल्का दिसतात. त्यांचा कोणत्याही एका प्रवाहाशी संबंध लावता येत नाही. त्या स्पोरॅडिक. हा शब्दही ग्रीकच. बी पेरताना दाणे इकडेतिकडे विखुरतात, ती कल्पना त्यात आहे. आपला ‘तुरळक’ हा शब्द येथे अगदी चपखल बसतो. आरोग्यखात्याच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा असतो. गावात एखाद्या रोगाचे तुरळक रुग्ण आढळणे वेगळे आणि त्यांचा एकमेकांशी संबंध लागणे वेगळे. सर्व रुग्ण एकाच विहिरीचे पाणी पितात असे दिसले, की ते ‘तुरळक’ राहत नाहीत. ती साथ ठरते आणि धावपळ करावी लागते.

इंटरमिटंट हा शब्द लॅटिनमधून आला. अर्थ, ‘मध्ये सोडून देणे’. येथे भर अंतरावर नसून मधल्या विरामावर आहे. आषाढात पाऊस उघडझाप करतो, तेव्हा आपण नेमके हेच सांगतो; ती संततधार नव्हे. हिवतापाचेही तसेच. ताप चढतो, घाम येऊन उतरतो, मध्ये रोगी बरा वाटतो आणि ताप पुन्हा चढतो. आयुर्वेदाने यांतले प्रकार फार पूर्वीच वेगळे केले. एक दिवस सोडून येणारा तो तृतीयक आणि दोन दिवस सोडून येणारा तो चातुर्थक. या नोंदींमागचे कारण एकोणिसाव्या शतकात कळले. हिवतापाचे परोपजीवी तांबड्या रक्तपेशी फोडून एकदम बाहेर पडतात, तेव्हा ताप चढतो. एका जातीला त्यासाठी सुमारे ४८ तास लागतात, दुसरीला सुमारे ७२. मात्र फॅल्सिपेरम या घातक जातीच्या तापात अशी ठरावीक पाळी बहुधा दिसत नाही. विराम असला, तरी आवर्तन असेलच असे नाही, हे यावरून ध्यानात येईल.

आता एक घरचे उदाहरण. रत्नागिरी जिल्ह्यातली राजापूरची गंगा दर तीन वर्षांनी प्रकटते, असे पूर्वापार सांगतात. अलीकडे हे अंतर ठरावीक राहिलेले नाही. मग तिला आवर्ती म्हणावे की उघडझाप करणारी? जमिनीतील पोकळी पाण्याने भरली, की वाकड्या नळीसारख्या वाटेने ती एकदम रिकामी होते, असे अशा झऱ्यांचे एक स्पष्टीकरण देतात. तसे असेल, तर पोकळीत पाणी एकसारखे झिरपत असताना आवर्तन येईल आणि पाऊसपाणी बदलले की ते बिघडेल. म्हणजे योग्य शब्द ठरवायलाही आधी गंगा आल्याच्या आणि गेल्याच्या तारखा हव्यात.

कोणी म्हणेल, हा शब्दांचा काथ्याकूट भाषेच्या तासाला ठीक आहे; विज्ञानाच्या तासाला तो कशाला? मला हे पटत नाही. आवर्ती म्हटले, की फेरा घालणारे कारण शोधावे लागते. तुरळक म्हटले, की घटनांचा परस्परांशी संबंध नाही ना, हे पाहावे लागते. उघडझाप म्हटले, की विरामात काय घडते ते विचारावे लागते. शब्द चुकला तर शोधाची दिशाच चुकते. आणि ही सूक्ष्मता केवळ इंग्रजीतच आहे, असेही नाही. उघडझाप, तुरळक, संततधार हे शब्द आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी रोज असतात. ते वहीत येत नाहीत, हा दोष भाषेचा नसून आपला आहे.

म्हणून शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. हे इंग्रजी शब्द मुलांकडून पाठ करून घेऊ नका. त्याऐवजी एखादी घटना निवडून द्या. नळाला येणारे पाणी, जाणारी वीज, अंगणातल्या झाडाचा बहर, काहीही चालेल. महिनाभर किंवा वर्षभर तिच्या तारखा व वेळा लिहू द्या. शेवटी तीन प्रश्न विचारा: दोन वेळांमधले अंतर सारखे आहे काय? मध्ये घटना पूर्ण थांबते काय? या वेळांचा एकमेकांशी काही संबंध दिसतो काय? उत्तरे मिळाली, की योग्य शब्द मुले स्वतःच सुचवतील. आणि तारखा अपुऱ्या असतील, तर ‘अजून सांगता येत नाही’ असे प्रामाणिकपणे लिहितील. त्या उत्तरालाही पूर्ण गुण द्यावेत.