पातळी निवडताना

व्हिडिओ गेममधील काठिण्यपातळी म्हणजे खेळणाऱ्याचे कौशल्य आणि खेळाचे आव्हान यांचा मेळ घालण्याची सोय. १९९३ च्या ‘डूम’मध्ये अशा पाच पातळ्या होत्या, वरच्या पातळ्यांवर शत्रू अधिक असत. २०१८ च्या ‘सेलेस्ट’ने खेळाचा वेगच कमी करण्याची मुभा दिली.

संगणकावरील बुद्धिबळात ही सोय सर्वांत स्पष्ट दिसते. २०२५ मध्ये बुद्धिबळाचा फिडे विश्वचषक गोव्यात झाला. त्यात २०६ खेळाडूच होते. पण गोव्यातल्याच पेडणे किंवा डिचोलीतल्या मुलांना त्याच खेळाची वाट मोबाइलवर मोकळी आहे. ‘लिचेस’ या संकेतस्थळावर ‘स्टॉकफिश’ या बुद्धिबळ-इंजिनाच्या आठ पातळ्या विनामूल्य मिळतात. खालच्या पातळीवर ते पुढच्या कमी चालींचा विचार करते आणि मुद्दाम कमकुवत चालीही खेळते.

हार आणि जीत दोन्ही शक्य असतील, ती पातळी योग्य. सतत जिंकल्यास शिकणे थांबते. सतत हरल्यास उमेद खचते. सोप्या पातळीने सुरुवात करण्यात कमीपणा नाही. बहुतेक डाव जिंकता येऊ लागले की एक पायरी चढावी, आणि हरलेला डाव पुन्हा मांडून चूक शोधावी.