तळ्यात-मळ्यात

आमच्या घरातल्या कुठल्याही लग्नात मला दोन प्रश्न ठरलेले. "पाऊस कधी रे?" आणि "एवढं संशोधन करतोस, मग बी.एस्सी.च्या पोरांना शिकवत कशाला बसतोस?" पहिला मी हसून टाळतो. दुसऱ्याचं उत्तर एकदाचं लिहून टाकतो.

माझं काम पावसाच्या ढगांची गणितं कॉम्प्युटरवर सोडवण्याचं. अर्धा दिवस फोरट्रानमधल्या चुका शोधण्यात जातो (बायकोच्या मते पाऊण). शिवाय आठवड्याला चार तास दुसऱ्या वर्षाचा वर्ग.

तिथे दरवर्षी लॉरेन्झची गोष्ट होते. १९६१ साली एमआयटीत एडवर्ड लॉरेन्झ बारा समीकरणांचं हवामानाचं मॉडेल चालवत होते. एक भाग पुन्हा बघायचा म्हणून छापील कागदावरचे आकडे मशीनमध्ये भरले आणि कॉफी प्यायला गेले. परत येतात तर पुढचं हवामान पार वेगळं! मशीनच्या आत होतं ०.५०६१२७, कागदावर ०.५०६. त्यातूनच १९६३ चा तो गाजलेला शोधनिबंध आला. त्यातली तीन समीकरणं आमची पोरं आज लॅपटॉपवर वीसेक ओळींत सोडवतात.

गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, "सर, पण तीनच आकडे का छापले?"

"कागदावर जागा वाचावी म्हणून."

"मग आपण फाइलमध्ये किती लिहायचे?"

घरी जाताना सिग्नलला माझी ट्यूब पेटली. माझं मॉडेल मध्येच थांबवून पुन्हा चालू केलं की उत्तर बदलायचं, आणि त्याचं कारण मी दोन महिने ढगांच्या भौतिकशास्त्रात शोधत होतो. थांबताना जी फाइल लिहिली जायची, ती वाचायला सोपी व्हावी म्हणून मीच कधीतरी तीन दशांशांवर आणून ठेवली होती! ज्या चुकीवर दरवर्षी व्याख्यान झोडतो, नेमकी तीच. सहकाऱ्यांनाही दिसली नाही, कारण असलं काही तपासायचं असतं हे आम्ही शहाणे लोक विसरलेलो.

म्हणून म्हणतो, पदवीचा वर्ग म्हणजे संशोधनातून काढलेला वेळ, हा हिशेबच चुकीचा आहे. २००६ साली पुण्यात आयसर निघालं, तिथे संशोधन आणि पदवीची मुलं एकाच आवारात आली. बहुतेक ठिकाणी मात्र मधली भिंत शाबूत आहे. बढतीच्या फॉर्मवर शोधनिबंध मोजतात. त्या मुलीचा प्रश्न कुठल्या रकान्यात लिहू?

असो. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळं कबूल केलं. ती म्हणाली, "मग सर, इंटर्नलला मार्क?"

दिले नाहीत.